केंब्रिजची दोन दिवसांची सहल कशी आखावी

लंडनहून सकाळच्या गाडीने केंब्रिजला जायचे, दिवसभर फिरायचे आणि संध्याकाळी परत यायचे, असा बेत बहुतेक पर्यटक करतात, आणि त्यांतले पुष्कळ जण ‘पण विद्यापीठ नेमके कुठे होते?’ हा प्रश्न मनात घेऊनच परततात. प्रश्न रास्त आहे, कारण केंब्रिज विद्यापीठाला एक आवार, एक प्रवेशद्वार, एक मुख्य इमारत असे काही नाही. १२०९ साली ऑक्सफर्डमध्ये गावकरी आणि विद्यार्थी यांच्यातले भांडण जिवावर बेतल्यावर काही विद्वान तेथून निघून कॅम नदीकाठच्या या बाजारगावी आले. पुढच्या आठशे वर्षांत राजे, राण्या, बिशप आणि व्यापारी यांच्या देणग्यांतून उभी राहिलेली कॉलेजे गावाच्या गल्ल्यांमध्येच वाढत गेली. आज अशी ३१ कॉलेजे आहेत. प्रत्येकाची मालमत्ता वेगळी, नियम वेगळे आणि बाहेरच्यांसाठी दार उघडण्याची वेळही वेगळी. तेथे विद्यार्थी राहतात, जेवतात, अभ्यास करतात. पाहुण्यांना आत सोडायचे की नाही, हे कॉलेज ठरवते. म्हणून या शहरासाठी प्रेक्षणीय स्थळांची लांबलचक यादी आधी करण्यात फारसा अर्थ नसतो. कोणती गोष्ट कोणत्या वेळेलाच मिळते हे आधी पाहावे, अशा दोन-तीन गोष्टी पक्क्या कराव्यात आणि बाकीचे हिंडणे त्यांच्या अवतीभोवती बसवावे.

तारीख ठरवताना

विद्यापीठाचे वर्ष तीन सत्रांचे असते. ऑक्टोबर ते डिसेंबर हे मायकेलमस, जानेवारी ते मार्च हे लेंट आणि एप्रिल ते जून हे ईस्टर सत्र. प्रत्येकात प्रत्यक्ष शिकवणीचे आठवडे जेमतेम आठ. पर्यटकाने हे ध्यानात घ्यावे, कारण किंग्ज कॉलेजचे जगप्रसिद्ध गायकवृंद प्रामुख्याने सत्र चालू असतानाच गाते, तर मे आणि जूनच्या पूर्वार्धात, परीक्षांच्या काळात, अनेक कॉलेजे पाहुण्यांसाठी दारे बंद ठेवतात. परीक्षा संपल्या की जूनमध्ये ‘मे वीक’ नावाचा जल्लोष असतो. नाव मे महिन्याचे आणि सोहळा जूनमध्ये, ही विसंगती तेथे कोणालाही खटकत नाही. होड्यांच्या शर्यती, रात्रभर चालणारे कॉलेजांचे बॉल, म्हणजे नृत्यसोहळे, आणि त्यामागोमाग पदवीदान अशा गर्दीत हॉटेलच्या खोल्यांचे दर वर्षातल्या सर्वांत वरच्या पातळीवर जातात. जुलै-ऑगस्टमध्ये हवा छान असते, दिवस लांब असतात, पण दिवसभराच्या सहलींच्या बसगाड्या आणि विद्यार्थ्यांचे जथे यांनी मधले चार रस्ते भरून जातात आणि गायकवृंदही बहुतांश सुटीवर असते.

माझे मत विचाराल, तर ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरचा मध्य हा काळ सर्वांत चांगला. सत्र चालू असते, कॉलेजे सहसा उघडी असतात, भिंतींवरच्या वेली लाल झालेल्या असतात आणि गर्दी ओसरलेली असते. त्याची किंमत उजेडात मोजावी लागते. जूनच्या अखेरीस सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो, तर नोव्हेंबरच्या मध्यावर चार वाजून गेले की अंधारू लागते आणि डिसेंबरात तर चारच्या आतच. शरदात किंवा हिवाळ्यात जाणार असाल, तर बाहेरचे सारे सकाळी आणि दुपारी आटपून संग्रहालय व चॅपेलमधली, म्हणजे कॉलेजच्या प्रार्थनाघरातली, सायंप्रार्थना संध्याकाळकडे ढकलावी. पूर्व इंग्लंड हा त्या देशातला कमी पावसाचा भाग आहे, पण उत्तरेकडच्या सपाट दलदली प्रदेशावरून येणारा वारा बोचरा असतो, तेव्हा छत्रीपेक्षा वारा अडवणारे जाकीट अधिक उपयोगी पडते. उन्हाळा सौम्यच असेल असेही गृहीत धरू नये. २५ जुलै २०१९ रोजी येथील बोटॅनिक गार्डनमध्ये ३८.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते, आणि जुन्या इमारतींतल्या खोल्यांना वातानुकूलन क्वचितच असते.

आठवड्यातले दिवस निवडण्याची मोकळीक असेल, तर मंगळवार ते गुरुवार हे उत्तम. फिट्झविल्यम संग्रहालय सोमवारी बंद असते आणि विद्यापीठाच्या इतर काही संग्रहालयांचेही तसेच आहे. शनिवारी गर्दी असते, तर रविवारी इंग्लंडमधील मोठ्या दुकानांना कायद्याने सहा तासच व्यवसाय करता येतो. भारतातून खास या प्रवासासाठी येणाऱ्यांनी व्हिजिटर व्हिसाचा हिशेबही यातच धरावा. अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात.

पोहोचणे आणि मुक्काम

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावरून सुटणारी जलद गाडी सुमारे पन्नास मिनिटांत केंब्रिजला पोहोचते. लिव्हरपूल स्ट्रीटहूनही गाड्या आहेत, मात्र त्यांना तासाहून अधिक वेळ लागतो. स्टॅन्स्टेड विमानतळावर उतरणाऱ्यांना थेट गाडी मिळते, त्यांनी लंडनला जाण्याचे कारण नाही. सकाळची कामाची वेळ टळल्यानंतरची ऑफ-पीक तिकिटे बरीच स्वस्त पडतात, आणि तीन ते नऊ जण एकत्र असतील तर ग्रुपसेव्ह ही सवलत मागून घ्यावी. तिच्यात ऑफ-पीक भाड्यातला एक तृतीयांश वाचतो. तिकीट काढताना ते कोणत्या मार्गाला आणि कोणत्या कंपनीच्या गाडीला चालते हे वाचून घ्यावे, कारण काही स्वस्त तिकिटे एकाच कंपनीच्या गाड्यांपुरती असतात.

१८४५ साली सुरू झालेले रेल्वे स्थानक गावाच्या मध्यापासून सुमारे दोन किलोमीटर दूर आहे. सामान हलके असेल तर हे अंतर वीस-पंचवीस मिनिटांत चालून होते, नाहीतर स्थानकाबाहेरच बस मिळते. मोटार घेऊन जाण्याचा विचार सोडून द्यावा. मध्यवस्तीतले रस्ते अरुंद आहेत, अनेक ठिकाणी वाहनांना मज्जाव आहे आणि पार्किंग महाग आहे. मोटार आणावीच लागली, तर शहराच्या वेशीवरच्या पाच पार्क अँड राइड तळांपैकी एकावर ती ठेवून बसने आत यावे.

मुक्काम दोन रात्रींचा असावा. दिवसभराची सहल आणि मुक्कामाची सहल यांतला खरा फरक सकाळी दहाच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर कळतो. तेव्हा किंग्ज परेड या रस्त्यावर सायकलवरून धावणारे विद्यार्थी आणि दुधाच्या गाड्या एवढेच काय ते असतात. सुट्यांच्या काळात जाणार असाल, तर हॉटेलआधी कॉलेजांच्या खोल्या पाहाव्यात. विद्यार्थी घरी गेले की अनेक कॉलेजे त्यांच्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने देतात. खोली साधी असते, न्हाणीघर कधीकधी सामाईक असते, लिफ्ट नसण्याचीच शक्यता अधिक. पण अनेक ठिकाणी सकाळची न्याहारी जुन्या भोजनगृहात, भिंतीवरच्या तैलचित्रांखाली मिळते, आणि एरवी बंद असलेल्या आवारात आपण रहिवासी म्हणून वावरतो. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील, तर जिन्यांची चौकशी आधीच करावी.

किंग्ज कॉलेज चॅपेल

एकच तिकीट काढायचे असेल तर ते येथले काढावे. सहाव्या हेन्रीने १४४६ साली पायाचा दगड बसवला, पण राजघराण्यांतील यादवीमुळे काम अनेकदा रेंगाळले. सुरुवातीचा फिकट पांढरा दगड आणि नंतर वापरलेला किंचित गडद दगड यांच्यातला फरक भिंतीवर आजही स्पष्ट दिसतो. कुठे राज्य बदलले ते जणू दगडावरच वाचता येते. छताचे काम जॉन वेस्टेल या गवंड्याने १५१२ ते १५१५ या तीन वर्षांत पुरे केले. खांबांतून निघून पंख्यासारख्या पसरत गेलेल्या दगडी शिरांचे हे छत त्या प्रकारातले जगातले सर्वांत मोठे मानले जाते. मधोमध असलेला लाकडी पडदा बारकाईने पाहावा, कारण त्यावर आठवा हेन्री आणि त्याची राणी ॲन बोलिन यांची आद्याक्षरे गुंफलेली आहेत. १५३६ साली त्याने तिचा शिरच्छेद करवला. अक्षरे मात्र तशीच राहिली. वेदीच्या मागे रूबेन्सचे चित्र आहे. खिडक्यांची रंगीत काच बहुतांश सोळाव्या शतकातली आहे, म्हणून बाहेर ऊन असताना आत जाणे श्रेयस्कर.

तिकीट संकेतस्थळावरून आधीच काढावे आणि त्याच वेळी चॅपेल त्या दिवशी उघडे आहे ना हेही पाहावे, कारण समारंभ, ध्वनिमुद्रण किंवा सराव यांसाठी ते अचानक बंद असू शकते. मात्र तिकिटापेक्षाही मोलाची गोष्ट विनामूल्य आहे, ती म्हणजे ईव्हनसाँग, म्हणजे सायंप्रार्थना. सत्र चालू असताना जवळजवळ रोज, सहसा साडेपाचच्या सुमारास ती होते आणि तिला कोणीही बसू शकते. श्रद्धेची किंवा धर्माची अट नाही. अर्धा-पाऊण तास आधी रांगेत उभे राहावे, मोबाइल बंद करावा, फोटो काढू नयेत आणि मध्येच उठून जाऊ नये, एवढे पथ्य पुरे. सोळा मुले आणि तरुण गायक यांचा आवाज त्या छताखाली जसा घुमतो, तसा तो कोणत्याही ध्वनिमुद्रिकेत ऐकू येत नाही. शक्य असेल तर आगमनाच्या संध्याकाळीच ही प्रार्थना गाठावी, म्हणजे काही कारणाने ती चुकली तरी दुसरी संध्याकाळ हाताशी राहते. किंग्जमध्ये जागा मिळाली नाही, तर सेंट जॉन्सचे गायकवृंदही तोलामोलाचे आहे.

फोटोंविषयी एक साधी गोष्ट. किंग्ज परेडकडची बाजू पूर्वेची आहे, तेव्हा तेथून सकाळी ऊन मिळते. नदीपलीकडची, ‘बॅक्स’ म्हणून ओळखली जाणारी हिरवळीची बाजू पश्चिमेची आहे, तेथे दुपारनंतर जावे.

बाकीची कॉलेजे

सगळी कॉलेजे पाहण्याचा हट्ट धरू नये; तिसऱ्या प्रांगणानंतर सगळी सारखी वाटू लागतात. किंग्जखेरीज आणखी एक किंवा दोन पुरेत, आणि ती आपल्या आवडीनुसार निवडावीत. दारावरच्या पाटीवर ‘बंद’ असे लिहिले असेल, तर वाद न घालता पुढे जावे. उघडे असेल, तर पोर्टरच्या, म्हणजे दारावरच्या रखवालदाराच्या, खोलीत विचारून आत जावे. हिरवळीवर पाऊल ठेवू नये. तो हक्क सहसा फेलोंपुरता, म्हणजे कॉलेजच्या अध्यापक-सदस्यांपुरता, असतो आणि पोर्टर याबाबतीत अजिबात सौम्य नसतात. मोठा गट असेल तर बहुतेक कॉलेजे आगाऊ परवानगी मागतात.

मराठी वाचकाला सेंट जॉन्स आणि ट्रिनिटी या शेजारशेजारच्या दोन कॉलेजांची ओढ अधिक वाटावी. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सेंट जॉन्सचे विद्यार्थी. गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत प्रथम वर्ग मिळवणाऱ्यांना रँग्लर म्हणतात. १८९९ साली परांजपे त्यांत पहिले, म्हणजे सीनियर रँग्लर ठरले, आणि हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. हे निकाल जेथे जाहीर केले जात, ते १७३० साली पुरे झालेले सेनेट हाउस किंग्ज परेडच्या टोकाला आहे. आत सहसा जाता येत नाही, पण कुंपणाबाहेरून इमारत उत्तम दिसते. जयंत नारळीकर पुढे याच विद्यापीठात शिकले आणि किंग्जचे फेलो झाले. ट्रिनिटीमध्ये रामानुजन १९१४ पासून १९१९ पर्यंत होते, आणि १९१८ साली ते तेथे फेलो म्हणून निवडले गेले. ट्रिनिटीच्या महाद्वारावर आठव्या हेन्रीचा पुतळा आहे. त्याच्या हातात राजदंडाऐवजी खुर्चीचा पाय आहे, तो विद्यार्थ्यांच्या खोडसाळपणाचा प्रसाद. द्वाराच्या उजवीकडे असलेले लहानसे सफरचंदाचे झाड न्यूटनच्या घरच्या झाडाच्या कलमापासून वाढवलेले आहे. न्यूटनच्या डोक्यावर सफरचंद पडले ते हेच झाड, असे कोणी सांगू लागले तर विश्वास ठेवू नये.

ट्रिनिटीचे रेन ग्रंथालय १६९५ साली पुरे झाले आणि ते पाहुण्यांना दिवसातले थोडेच तास खुले असते. म्हणूनच ते आधी पक्क्या करायच्या गोष्टींत मोडते. न्यूटनची हस्तलिखित दुरुस्त्यांसह त्याच्या ग्रंथाची पहिली आवृत्ती या ग्रंथालयाच्या संग्रहात आहे. रामानुजनची ‘हरवलेली वही’ म्हणून गाजलेली पानेही १९७६ साली येथेच सापडली. प्रदर्शनातल्या वस्तू बदलत असतात, तेव्हा विशिष्ट वस्तूसाठीच जाणार असाल तर आधी चौकशी करावी.

नदी

पंटिंग, म्हणजे सपाट तळाची होडी लांब दांड्याने नदीच्या तळाला रेटा देत पुढे नेणे, हा केंब्रिजचा सर्वांत जाहिरातबाज प्रकार आहे आणि तरीही तो टाळू नये. कारण कॉलेजांची पाठीमागची बाजू, सेंट जॉन्सचा १८३१ सालचा ‘ब्रिज ऑफ साइज’ हा छत असलेला पूल आणि १६४० सालचा क्लेअरचा दगडी पूल नदीतून जसे दिसतात तसे इतरत्र कोठूनही दिसत नाहीत. नावाडी असलेल्या होडीतला फेरफटका पाऊण तासाच्या आसपास असतो. रस्त्यावर गाठून तिकीट विकणाऱ्यांच्या पहिल्या दराला होकार देऊ नये; आदल्या दिवशी ऑनलाइन घेतलेले आणि सकाळच्या पहिल्या फेऱ्यांचे तिकीट बहुधा स्वस्त पडते, शिवाय दुपारी नदीत होड्यांची जी कोंडी होते तीही टळते. स्वतः होडी हाकायची हौस असेल, तर मागच्या टोकाच्या फळीवर उभे राहून दांडा सरळ खाली सोडावा, रेटा द्यावा आणि तो गाळात रुतला तर सोडून द्यावा. दांडा धरून ठेवणारा पाण्यात जातो, होडी पुढे जाते.

नावाडी गोष्टी रंगवून सांगतात. क्वीन्स कॉलेजचा ‘मॅथेमॅटिकल ब्रिज’ हा लाकडी पूल न्यूटनने खिळ्यांशिवाय बांधला, ही त्यांतली सर्वांत लाडकी. पूल १७४९ साली उभा राहिला आणि न्यूटन १७२७ सालीच वारला होता. आजचा पूल तर १९०५ साली पुन्हा बांधलेला आहे. होडीचा खर्च नको असेल, तर हा पूल सिल्व्हर स्ट्रीटच्या पुलावरून, आणि क्लेअरचा पूल गॅरेट हॉस्टेल पुलावरून फुकट पाहता येतो. हे दोन्ही सार्वजनिक पूल आहेत.

उरलेला वेळ

फिट्झविल्यम संग्रहालयाला प्रवेश विनामूल्य आहे आणि त्याला दीड-दोन तास द्यावेत, त्यापेक्षा जास्त नको. टिशियन आणि मोने यांची चित्रे, इजिप्तच्या शवपेट्या, चिलखते असे सगळे एका छपराखाली आहे, आणि पावसाची सर आली की याहून चांगला आडोसा नाही. बाहेर ट्रंपिंग्टन स्ट्रीटच्या दोन्ही कडांना वाहत्या पाण्याच्या उघड्या पन्हळी आहेत, त्या सतराव्या शतकातल्या पाणीपुरवठ्याच्या खुणा. मुलांचा हात धरावा. तेथून उत्तरेकडे चालत गेले की कॉर्पस क्रिस्टी कॉलेजच्या कोपऱ्यावर २००८ साली बसवलेले सोनेरी घड्याळ लागते, ज्यावरचा अक्राळविक्राळ टोळ प्रत्येक क्षण गिळत असतो. मागच्या फ्री स्कूल लेनमध्ये जुनी कॅव्हेंडिश प्रयोगशाळा आहे, जेथे जे. जे. थॉमसन यांनी १८९७ साली इलेक्ट्रॉनचा शोध लावला, आणि शेजारच्या बेनेट स्ट्रीटवर ‘द ईगल’ हा पब आहे, जेथे २८ फेब्रुवारी १९५३ रोजी फ्रान्सिस क्रिक यांनी डीएनएच्या रचनेचे गुपित उकलल्याची घोषणा केली. पबच्या मागच्या खोलीच्या छतावर दुसऱ्या महायुद्धातील वैमानिकांनी लिहिलेली नावे आहेत. ग्रेट सेंट मेरीज चर्चच्या मनोऱ्यावर १२३ पायऱ्या चढून गेले की सारे शहर एका नजरेत येते, आणि सकाळी लवकर चढले तर वर दोघे-चौघेच असतात.

जेवणासाठी बाजारचौकातले ठेले स्वस्त आणि बरे. संध्याकाळी मध्यवस्तीऐवजी स्थानकाजवळच्या मिल रोडकडे वळावे, कारण निरनिराळ्या देशांची उपाहारगृहे आणि वाणसामानाची दुकाने तेथे आहेत आणि शाकाहारी माणसाची तेथे अधिक सोय होते.

परतीच्या दिवशी सकाळ मोकळी असेल, तर दोन पर्याय आहेत. हवा चांगली असेल तर नदीकाठच्या कुरणांतून ग्रँटचेस्टर या खेड्यापर्यंत तासाभराची पायवाट आहे. पाऊस पडून गेला असेल तर चिखल असतो, तेव्हा पांढरे बूट घालू नयेत. अन्यथा गाडीने पंधरा-सोळा मिनिटांवरच्या ईलीला जावे. १०८३ साली आरंभलेल्या तेथल्या कॅथेड्रलचा मधला मनोरा १३२२ साली कोसळला आणि त्याच्या जागी जे अष्टकोनी लाकडी शिखर उभे केले, ते पाहताना किंग्जचे छत क्षणभर विसरायला होते. ईलीचा बेत असेल तर लंडनपर्यंतचे परतीचे तिकीट ईलीहूनच काढावे. किंग्ज क्रॉसला जाणाऱ्या ईलीच्या गाड्या केंब्रिजवरूनच जातात, म्हणून हॉटेलात ठेवलेले सामान घ्यायला मध्ये उतरायचे असेल, तर त्या तिकिटावर प्रवास खंडित करता येतो का, हे काढतानाच विचारून घ्यावे.